वाकळीची मजुरी



नांदेडच्या उस्मानशाही गिरणीची कहाणी आपण नेहमी कामगार चळवळीच्या अंगाने सांगतो. १९७४ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे ती बंद पडली. त्या गिरणीत कापडाचा हिशेब होता, मजुरीचा दर होता, हजेरीपट होता आणि भांडायला संघटना होती. परंतु तसलेच कापड धोतर-लुगडे होऊन अंगावर विरले, की ज्या हातांत जाई त्या हातांची नोंद कोणत्याही पटावर झाली नाही. आज बोलायचे आहे ते त्या हातांनी शिवलेल्या वाकळीविषयी.

मराठवाड्यात सुगी आटोपून उन्हे तापू लागली, की ओसरीवर वाकळ पसरली जाते. तळाला जुने लुगडे, मधे धोतरा-सदऱ्याचे विरलेले थर, वर त्यातल्या त्यात धड राहिलेले कापड. धावदोऱ्याचे टाके कडेकडून आत सरकत जातात. शेजारणी चारी बाजूंनी बसल्या तर काम लवकर उरकते. एकटीवर पडले तर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पुरते. तांबड्याशेजारी हिरवे ठिगळ बसवावे की काळे, हे तीच ठरवते. घरातील फार थोडे निर्णय तिच्या हाती असतात, त्यांपैकी हा एक. सासूचे लुगडे, गेलेल्या सासऱ्याचा पटका, लेकराचे झबले एका शिवणीत येतात. सात-बाराच्या उताऱ्यावर जिचे नाव नाही, ती त्या घराण्याची वंशावळ सुईने लिहून ठेवते. आणि घर ऊसतोडीला निघाले, की कोपीत अंथरायला तीच वाकळ बरोबर जाते.

अलीकडे शहरांतील प्रदर्शनांत गोधडीला वस्त्रकला म्हणून मान मिळतो, दिवाणखान्याच्या भिंतीवर ती टांगली जाते. पांघरायची वस्तू टांगून ठेवावी याची गंमत वाटते, पण त्यात वाईट काही नाही. मात्र मान मिळाला म्हणजे मोल मिळाले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मताचा हक्क मागितला म्हणून कृष्णवर्णीय कुळांना जमिनीवरून हुसकावले जात होते. त्या काळात, १९६६ साली, तेथील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही गोधड्यांची सहकारी संस्था काढली. त्याच परिसरातील जीज बेंडच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ साली त्यांतल्याच काही जणी, आपल्या कामाचा पैसा आपल्याला पुरता मिळाला नाही, ही तक्रार घेऊन न्यायालयात गेल्या. ते दावे पुढे आपसांत मिटले.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईचे नाव मस्टरवर आले. तिची सुई मात्र ‘फावल्या वेळची’च राहिली. हा फावला वेळ कोणता? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार घरकामात स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, पुरुष ९७. डॉ. लोहियांनी चुलीचा धूर राजकारणाच्या व्यासपीठावर आणला. सुईपर्यंत आपण अजून पोचलेलो नाही.

वाकळ मायेने शिवायची असते, तिचा दर कसला लावता, असे आपलेच काही साथी विचारतात. शिक्षकही मायेने शिकवतात आणि वेतनश्रेणीसाठी मोर्चाही काढतात. घरच्या पांघरुणाचा दर कोणी मागत नाही. बाजारात जाते त्या वाकळीचा मागायचा आहे. तो दर दिवसांच्या हिशेबाने हवा, शिवणारीचे नाव वाकळीवर हवे आणि विक्रीची संस्था तिच्याच मालकीची हवी. व्यापाऱ्याला स्वस्त हात पुरवणारा बचत गट म्हणजे सहकार नव्हे.

लातूर-नांदेडच्या कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यात आपापल्या गावी, तांड्यावर एवढे विचारून लिहून आणावे : एका वाकळीला किती दिवस लागले, ती कोणी नेली, आणि हातावर काय ठेवले.