नारळीकर वाचायचे, तर सुरुवात कुठून?

शहाडहून लोकलने ये-जा करणाऱ्या नव्या वाचकाने जयंत नारळीकरांच्या विज्ञानसाहित्याची सुरुवात कादंबरीने नव्हे, कथेने करावी.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःचीच आद्याक्षरे उलटी करून! कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला.

तरीही पहिली कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हीच असावी. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात पोचतात, जिथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले. पुण्याहून मुंबईला जिजामाता एक्स्प्रेस धावते, वाटेत सरहद्द नावाच्या छोट्या स्टेशनात परवाने तपासले जातात, कारण पुढे मुंबईत इंग्रजांचे राज्य! पुंजभौतिकीची गुंतागुंत इतक्या ओळखीच्या वाटेने क्वचितच कुणी समजावली असेल.

मग ‘उजव्या सोंडेचा गणपती’. तिथे मोबियसची पट्टी क्रिकेटच्या मैदानात शिरते.

‘प्रेषित’ आणि ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या त्यानंतर घ्याव्यात. शहाडच्या वाचकांनी पुढच्याच स्टेशनावर उतरून कल्याणच्या १८६४ सालच्या सार्वजनिक वाचनालयात त्यांची चौकशी जरूर करावी.