ज्यांना मत नव्हते त्यांच्या वतीने : मिडलोथियनची प्रचारमोहीम, १८७९-८०

हुजूर पक्षाचे सरकार बदलून उदारमतवादी पक्षाकडे सत्ता द्यावी, हे ब्रिटिश मतदाराला पटवण्यासाठी विल्यम ग्लॅडस्टन यांनी १८७९ च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडमधील मिडलोथियन मतदारसंघात जी भाषणे केली, त्यांचे महत्त्व एका निवडणुकीच्या जयापजयापुरते नाही. सरकार निवडताना मतदाराने स्वतःचा लाभ पाहावा की आपल्या नावाने इतरांवर गाजवल्या जाणाऱ्या सत्तेचा जाब विचारावा, हा प्रश्न या भाषणांनी उघडपणे मांडला आणि त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले. उदारमतवादाची बाजू आजही याच उत्तरावर सर्वांत भक्कमपणे उभी राहते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

हुजूर पक्ष म्हणजे राजसत्ता, चर्च आणि जमीनदारी यांच्या परंपरागत अधिकाराचा कैवार घेणारा पक्ष. बेंजामिन डिझरायली यांच्या नेतृत्वाखाली तो १८७४ साली सत्तेवर आला आणि पुढल्याच वर्षी ग्लॅडस्टन यांनी आपल्या पक्षाचे नेतेपद सोडले. डिझरायली सरकारची देशांतर्गत कामगिरी हलकी लेखण्याचे कारण नाही. १८७५ चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा आणि त्याच वर्षी कामगार संघटनांना मिळालेले कायदेशीर संरक्षण ही त्याच सरकारची देणगी होती. केवळ स्वतःच्या घराकडे पाहून मत देणाऱ्या शहरी कामगाराला हे सरकार राखण्यास सबळ कारण होते, आणि म्हणूनच ग्लॅडस्टन यांच्या युक्तिवादाची कसोटी अधिक कठीण होती.

मिडलोथियनमध्ये मतदार जेमतेम तीन हजारांच्या वर होते आणि जागा बक्ल्यूच्या ड्यूकच्या मुलाकडे होती. १८७२ साली ग्लॅडस्टन यांच्याच सरकारने आणलेल्या गुप्त मतदानामुळे, म्हणजे कुळाने कोणाला मत दिले हे जमीनदाराला कळू न देणाऱ्या पद्धतीमुळे, अशा घराण्याविरुद्ध उभे राहण्यात आता अर्थ होता. खरा श्रोता मात्र सारा देश होता, कारण तारायंत्राने पोचलेली ही भाषणे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत सविस्तर छापली जात. सत्तरीला टेकलेल्या माजी पंतप्रधानाने ऐन थंडीत गावोगाव जाऊन सामान्य लोकांपुढे परराष्ट्रधोरणाचा हिशेब मांडावा, ही गोष्ट ब्रिटिश राजकारणाला नवी होती आणि राणी व्हिक्टोरिया यांना ती मुळीच रुचली नाही.

वेस्ट काल्डर येथील भाषणात त्यांनी परराष्ट्रधोरणाची सहा तत्त्वे सांगितली. देशात चांगला कारभार, जगात शांतता, युरोपीय राष्ट्रांचे एकमत, अनावश्यक व गुंतवून ठेवणाऱ्या करारांपासून दूर राहणे आणि स्वातंत्र्याविषयी आस्था ही त्यांपैकी पाच होत. परंतु ज्यावर सर्वाधिक भार पडतो ते तत्त्व सर्व राष्ट्रांच्या समान हक्कांचे. बलाढ्य राष्ट्राला दुर्बळ राष्ट्रापेक्षा वेगळा न्याय नाही, हे एकदा मान्य केले की १८७७ मधील ट्रान्सवालचे सामिलीकरण, १८७८ चे अफगाण युद्ध आणि १८७९ चे झुलू युद्ध यांचे समर्थन राष्ट्राच्या प्रतिष्ठेच्या नावाने करता येत नाही. डाल्कीथ येथे तर त्यांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले, ज्यांना स्वतःलाच मताचा अधिकार नव्हता, आणि अफगाणिस्तानच्या डोंगरांतील खेड्यांमध्ये राहणाऱ्यांचे जीवित ईश्वराच्या दृष्टीने या श्रोत्या स्त्रियांच्या जीवितांइतकेच पवित्र आहे, असे बजावले. एका साम्राज्याच्या मतदारांपुढे, युद्ध चालू असताना, शत्रुपक्षाच्या गावकऱ्यांची बाजू मांडून मत मागणे याला असामान्य धैर्य लागते.

या वादात हिंदुस्थान केवळ उदाहरणापुरता नव्हता. दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवला, आणि दुष्काळनिवारणाच्या नावाने बसवलेल्या करांचा पैसा पुढे अफगाण मोहिमेकडे वळवल्याचा आरोप झाला. त्यांनीच १८७८ साली देशी वृत्तपत्र कायदा आणला. त्यान्वये देशी भाषांतील पत्रांच्या मुद्रकांकडून व प्रकाशकांकडून जामीन मागता येत असे आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद नव्हती, मात्र इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. ग्लॅडस्टन यांनी त्याच वर्षी पार्लमेंटात या कायद्याविरुद्ध ठराव मांडला होता. तो फेटाळला गेला. ‘केसरी’चा पहिला अंक जानेवारी १८८१ मध्ये निघाला तो हा कायदा अस्तित्वात असतानाच.

१८८० च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाला ३५२ आणि हुजूर पक्षाला २३७ जागा मिळाल्या. मिडलोथियनमध्ये ग्लॅडस्टन १,५७९ विरुद्ध १,३६८ मतांनी विजयी झाले. व्यापारातील मंदी आणि १८७९ चा बुडालेला हंगाम यांचाही या निकालात वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे. नव्या सरकारने व्हाइसरॉय म्हणून पाठवलेल्या लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८२ मध्ये वृत्तपत्र कायदा रद्द झाला आणि स्थानिक स्वराज्याचा, म्हणजे नगरपालिका व लोकल बोर्डांचा कारभार लोकनियुक्त सभासदांकडे सोपवण्याचा, ठरावही त्याच वर्षी निघाला.

त्याच १८८२ साली ग्लॅडस्टन यांच्या सरकारने अलेक्झांड्रियावर तोफांचा मारा करून इजिप्त ताब्यात घेतले, त्या मोहिमेत हिंदी पलटणी वापरल्या, आणि खुल्या व्यापाराच्या तत्त्वानुसार हिंदुस्थानातील कापडावरची आयातजकात पूर्णपणे उठवून मुंबईच्या गिरण्यांपेक्षा इंग्लंडमधील लँकेशरच्या गिरण्यांचे हित जपले. यावरून दोन्ही पक्ष सारखेच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. अलेक्झांड्रियाच्या प्रश्नावर जॉन ब्राइट यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तो मिडलोथियनमध्ये घोषित झालेल्या मापानेच आपल्या सरकारला मोजून. ज्या पक्षाने असे माप मतदाराच्या हाती दिलेलेच नसते, त्याच्याविरुद्ध ते वापरताही येत नाही.

ज्यांच्या वतीने ही भाषणे झाली त्यांनी पुढे स्वतःच मतदारांपुढे उभे राहायचे ठरवले. १८८५ च्या निवडणुकीपूर्वी मुंबईहून नारायण गणेश चंदावरकर, बंगालमधून मनमोहन घोष आणि मद्रासहून रामस्वामी मुदलियार इंग्लंडला गेले व हिंदुस्थानची गाऱ्हाणी त्यांनी तेथील सभांतून मांडली. १८८८ साली हुजूर पक्षाचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी एडिंबरो येथील भाषणात, ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल काय, अशी शंका दादाभाई नौरोजींना उद्देशून व्यक्त केली. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी उदारमतवादी पक्षाचे उमेदवार म्हणून दादाभाईंना निवडून दिले, आणि त्यांचे मताधिक्य एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.