वनौषधी संमेलन, पेण : स्वागताध्यक्षांचे भाषण

अध्यक्षमहाराज, वैद्यराज, काष्ठौषधींचे व्यापारी आणि पेण-रोह्याच्या वाड्यांवरून आलेल्या ठाकूर-कातकरी भगिनींनो व बंधूंनो,

स्वागताध्यक्षाने आपल्या गावाचे गुणगान करावे असा रिवाज आहे. आणि विनोबांचे गागोदे ज्या तालुक्यात आहे त्या पेणेस, किंवा कुंडलिकेकाठच्या रोह्यास, त्यासाठी सामग्रीची वाण नाही. परंतु तो भाग मी आवरता घेतो. कारण ज्यांच्या डोक्यावरील भाऱ्यांवाचून आपल्या शास्त्राचा एक काढाही उकळणार नाही, त्यांचे स्वागत प्रथम करणे मला अगत्याचे वाटते.

जवळच्या पनवेलीस 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वराचा कारखाना काढला, 1907 साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशकास वैद्यांचे संमेलन भरविले. हे सारे दप्तरी नमूद आहे, आणि ते योग्यच आहे. मुळी खणणाऱ्याची नोंद मात्र झालीच तर वजनाच्या पावतीवर. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड लॅटिन ग्रंथ सिद्ध करविणाऱ्या डच अधिकारी व्हान ऱ्हीडनेसुद्धा रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट आणि इट्टी अच्युतन या वैद्यांच्या साक्षी नावानिशी छापल्या होत्या!

कुड्याचेच पाहा. अतिसारावर चालते ती पांढऱ्या कुड्याची कडू साल. बाजारात तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळली जाते, आणि एकदा ती वाळून पोत्यात शिरली म्हणजे भल्याभल्यांची मती कुंठित होते. झाडाखाली उभी असलेली कातकरीण नुसती वर पाहते : जोडशेंगा सुट्या लोंबत असल्या तर पांढरा, कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असल्या तर काळा. तरीही शंका उरली, तर सालीचा तुकडा जिभेवर ठेवते. भाव ठरविताना या परीक्षेचे मोल आपण हिशेबात धरतो काय?

2006 च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, कंद व मुळे यांची गौण वनोपजात गणना करून ती गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क जंगलावर परंपरेने जगणाऱ्यांस दिला. पण दराच्या बैठकीत त्यांस बसावयास जागाच नसेल, तर असा हक्क कागदोपत्रीच राहावयाचा. म्हणून आज दुपारच्या भावचर्चेत पहिली रांग त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. व्यापारी बंधूंनी राग मानू नये.

मांडवाच्या मागे दोन्ही कुड्यांच्या वाळक्या साली मांडल्या आहेत. चिठ्ठ्या मुद्दामच लावलेल्या नाहीत. वैद्यराजांनी भोजनापूर्वी तेथे एक फेरी मारावी. अडल्यास विचारावयास बाया तेथेच बसल्या आहेत.