पडद्यापलीकडची कचेरी

इंदूरहून बैतुलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर देवास जिल्ह्यातील खातेगांव हे तहसिलीचे गाव लागते. जवळच नेमावर, तेथे नर्मदा, आणि पैलतीरावर हंडिया. गहू, हरभरा, सोयाबीन आणि उन्हाळी मूग यांवर जगणारा हा मुलूख. होळकरशाहीत नेमावर हा इंदूर संस्थानचा एक जिल्हा होता. त्या काळी सरकारी कागद मोडीत असावयाचा आणि तो वाचून घेण्यासाठी रयतेला जाणत्या माणसाच्या ओट्यावर जावे लागे. पुढे मोडी गेली, संस्थान गेले, कचेरीबाहेर झाडाखाली बसणारा अर्जनवीस आला. त्याच्या हातात टाक होता आणि साहेबाला कोणता शब्द रुचतो याचे ज्ञान होते. आता अर्जनवीसाची जागा संगणकाच्या दुकानाने घेतली आहे. मध्यप्रदेशात अशा दुकानाला कियोस्क म्हणतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, समग्र क्रमांक, आधारभूत भावाने गहू विकण्याची नोंदणी, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, सारे काही तेथील पडद्यावर होते.

हा बदल वाईट झाला असे कोणी म्हणणार नाही. मध्यप्रदेशाने २०१० साली लोकसेवांच्या हमीचा कायदा केला. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे त्याने ठरवून दिले. भोपाळचे हेलपाटे वाचले. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या यंत्राने नागरिक आणि सरकार यांच्यामधला माणूस नाहीसा व्हावयाचा होता, त्याच यंत्राने एक नवा माणूस मध्ये आणून का बसविला? लिहितावाचता येणारा, मोबाईल वापरणारा तरुण शेतकरीसुद्धा स्वतःचा अर्ज स्वतः न भरता कियोस्कवर का जातो?

याचे उत्तर ‘लोक अजून अडाणी आहेत’ असे सहज दिले जाते. ते उत्तर सोयीचे आहे, खरे नाही.

खातेगांवचे नावच पाहावे. ते कोणी ‘खातेगांव’ असे अनुस्वार देऊन लिहितो, कोणी ‘खातेगाँव’ असे चंद्रबिंदू देऊन, तर मराठी शुद्धलेखनाच्या आजच्या नियमाने चालणारा ‘खातेगाव’ असे लिहील. तहसिलीतल्या कारकुनाला हे तिन्ही शब्द वाचून एकच बसस्थानक डोळ्यांपुढे दिसते. यंत्राला मात्र ती तीन निरनिराळी गावे वाटतात. कारण ते शब्द वाचत नाही, अक्षरांचे सांकेतिक अंक एकाशी एक जुळवून पाहते. याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे डोळ्यांना अगदी एकसारखे दिसणारे अक्षरदेखील यंत्रात दोन प्रकारे साठविता येते. हिंदीतील नुक्ता दिलेला ‘ड़’ हा एका अंकानेही लिहिता येतो आणि ‘ड’ व नुक्ता अशा दोन अंकांनीही. हे दोन्ही प्रकार आधी एकरूप करून घेण्याची खबरदारी आज्ञावली लिहिणाऱ्याने घेतली नसेल, तर शोधणाऱ्याला समोर दिसत असलेले नाव यंत्र ‘आढळले नाही’ म्हणून सांगते. त्यातून जुन्या कृतिदेव टंकाने टंकलेला मजकूर असला तर विचारावयासच नको. तो देवनागरी दिसतो एवढेच. आत सगळी रोमन चिन्हे असतात. पोर्टलच्या रकान्यात उतरविला की त्याची अर्थहीन जंत्री होते.

माळव्यातील मराठी घराण्यांना या नावाच्या घोळाची झळ थोडी अधिकच लागते. हिंदी लिहिण्यात ‘ळ’ला सहसा स्थान नाही, होळकर तेथे ‘होलकर’ होतात, आणि देवासच्या पवारांचे रोमन लिपीतील नाव पिढ्यान् पिढ्या ‘पुआर’ असे वाचले जाईल अशाच रीतीने लिहिले गेले आहे. राजघराण्यांचे यावाचून काही अडले नाही. पण एखाद्या काळे नावाच्या शाळामास्तरांचा ‘काले’ झाला, शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पुस्तकात तिसरे उमटले, की निवृत्तीच्या वयात त्या गृहस्थांना आपण एकच इसम आहोत हे सिद्ध करीत हिंडावे लागते. पूर्वीचा कारकून चष्मा कपाळावर चढवून ‘काळे म्हणजे तुम्हीच ना?’ असे विचारी आणि पुढे जाई. त्या एका प्रश्नात जी अक्कल होती ती यंत्रात घालणे अशक्य नव्हते. ‘ही दोन नावे एकाच माणसाची वाटतात, तपासून सांगा’ असा पडदा दाखविता आला असता. त्याऐवजी लाल अक्षरांत ‘नाव जुळत नाही’ एवढेच उमटते. कोणते नाव, कोणत्या नावाशी, कोणत्या अक्षरापाशी जुळत नाही, हे यंत्राला ठाऊक असते. ते माणसाला सांगावे असे मात्र कोणाला सुचलेले नसते.

मध्यप्रदेशात प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी आणि त्यातील प्रत्येक व्यक्तीला नऊ अंकी समग्र क्रमांक असतो. आधार बारा अंकी. २०२३ साली महिना एक हजार रुपयांनी सुरू झालेल्या लाडली बहना योजनेसाठी समग्र आणि आधार यांची जुळणी, आणि थेट रक्कम स्वीकारू शकणारे बँकखाते, या गोष्टी आवश्यक होत्या. येथे शब्दांचा असा काही गुंता झाला की तो जरा सावकाश उलगडून सांगितला पाहिजे.

बाई बँकेत जाते. खात्याला आधार जोडले आहे का म्हणून विचारते. ‘जोडले आहे’ असे उत्तर मिळते. ते खोटे नसते. बँकेच्या वहीत तिचा आधार क्रमांक नोंदलेला असतो. पण सरकारी रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे पाठवावयाची तर राष्ट्रीय पातळीवर एक वेगळी नोंद लागते. कोणत्या आधार क्रमांकाचा पैसा कोणत्या बँकेत जावा, एवढेच ती नोंद सांगते, आणि शेवटी जी बँक जोडली असेल तीच तिच्यात राहते. म्हणजे खात्याला आधार ‘जोडलेले’ असूनही पैसा येत नाही. अथवा तो दुसऱ्याच, कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्यात जाऊन पडतो. दोन भिन्न व्यवहार, आणि लोकांच्या तोंडी दोघांना शब्द एकच: ‘लिंक’. दोहोंना दोन सोपी नावे दिली असती, आणि ‘तुमचे पैसे अमुक बँकेत जातील’ असे एक वाक्य अर्जाच्या अखेरीस दाखविले असते, तर किती बायकांची किती दिवसांची मजुरी वाचली असती!

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली नित्याच्या वस्तूंच्या रचनेवर एक पुस्तक लिहिले. दरवाजा ढकलावयाचा की ओढावयाचा हे ज्या दरवाजाकडे पाहून कळत नाही, त्यावर पाटी लावावी लागते. आणि दरवाजासारख्या वस्तूवर सूचनांची पाटी लावावी लागणे म्हणजेच तो चुकीचा बनला आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख. त्याच पुस्तकात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे. वस्तू नीट चालली नाही की माणूस वस्तूला नव्हे, स्वतःला दोष देतो. कियोस्कच्या बाकावर बसलेल्या मंडळींत हेच ऐकू येते. ‘आम्हाला काही समजत नाही, बाबा, तूच भर.’ ज्या शेतकऱ्याला मातीचा वास घेऊन पेरणीचा दिवस कळतो, तो एका रकान्यापुढे हरून उठतो आणि हार स्वतःची मानतो.

तो रकाना कसा असतो? बँकेच्या शाखेचा जो अकरा अक्षरांचा संकेत असतो, त्याचे पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. दिसावयाला ते रोमन ‘ओ’सारखे असते, आणि त्याच्या आधीची चार अक्षरे रोमन असल्यामुळे माणूस पाचवे ‘ओ’च लिहितो. तेथे नेहमी शून्यच असावयाचे हे ठरलेले आहे. मग यंत्राने ते आपणहून का बदलू नये? पण नाही. अर्ज परत. माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे ओळखावयास लावतात, तेथेही शून्य आणि ‘ओ’ यांचे तेच भांडण. एखादा अर्ज मध्येच सोडू पाहावा तर ‘रद्द करावयाचे आहे का?’ असा प्रश्न येतो आणि खाली दोन बटणे: ‘ठीक’ व ‘रद्द’. रद्द करणे रद्द करावयाचे, की ठीक म्हणून रद्द करावयाचे, याचा निर्णय करण्यास नैयायिकच हवा.

भाषेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. भाषांतर केले म्हणजे भाषा आली असे नाही. ‘घरातील कोणी सरकारी नोकरीत नाही ना?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘हो’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ ‘बरोबर, कोणी नाही’ असा असतो. यंत्र ‘हो’चा अर्थ ‘आहे’ असा लावू शकते. नकारार्थी प्रश्नाच्या खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोनच बटणे ठेवणे म्हणजे गरीब माणसाच्या वाटेत खड्डा खणून वर गवत पसरणे होय. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेची जी ओळख-पडताळणी २०२५च्या सप्टेंबरात सुरू झाली, तीत पतीच्या वा पित्याच्या आधारचीही पडताळणी मागितली होती. ज्यांचे दोघेही निवर्तले आहेत अशा स्त्रियांनी काय करावे हे आरंभी अर्जाला ठाऊक नव्हते. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. विधवा हा काही या देशातील अपवाद नव्हे; अर्ज आखताना मात्र ती कोणाला आठवली नाही.

पैशाच्या व्यवहारात अशी चूक महाग पडते. मोबाईलवरून पैसे देण्याच्या यूपीआय पद्धतीत दुसऱ्याकडे रकमेची मागणी पाठविण्याची सोय होती. ठकांनी तिचा लाभ उठविला. ‘तुम्हाला पैसे पाठविले आहेत, पिन घाला म्हणजे जमा होतील’ असे सांगावयाचे. माणूस पिन घाली आणि पैसे जात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, अशा सूचना वर्षानुवर्षे छापल्या गेल्या. तीच ती दरवाजावरची पाटी! अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठविण्याची सोयच बंद करण्यात आली. दरवाजा बदलला तेव्हा पाटीचे काम संपले. फसलेल्यांचे पैसे मात्र दरवाजा बदलण्याच्या आधीच गेले होते.

कियोस्कवाल्याच्या हाती आपला मोबाईल देऊन ‘तूच भर’ म्हणणाऱ्याचा धोका याच जातीचा आहे. मोबाईलवर आलेला सहा अंकी संकेत कोणाला सांगू नये असे त्या संदेशातच लिहिलेले असते, आणि तो मोठ्याने वाचून दाखविल्यावाचून काम होत नाही. बहुतेक कियोस्कवाले सालस असतात. गावातच राहावयाचे असते त्यांना. पण सालसपणावर उभी असलेली व्यवस्था एका लबाडाला पुरे पडत नाही.

न्यायालयांना यात लक्ष घालावे लागले, हे आश्चर्य नव्हे. २०२१च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना कोरोनाची लस घेण्यासाठी कोविन या संकेतस्थळावर नोंदणी करणे आवश्यक ठरले. संकेतस्थळ इंग्रजीत होते. ज्याच्यापाशी चांगला फोन नाही, इंग्रजी नाही, अथवा दृष्टी नाही, त्याचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड ज्या पीठावर होते त्या पीठाने, ३१ मेच्या आदेशात सरकारपुढे ठेवला. त्यानंतर काही दिवसांतच कोविन हिंदी, मराठी आणि इतर भाषांत आले. महिनाभर जे होऊ शकत नव्हते ते आठवड्यात झाले.

याहून महत्त्वाचा निर्णय ३० एप्रिल २०२५चा. बँकेची ओळख-पडताळणी करताना समोरचा मनुष्य जिवंत आहे हे पटविण्यासाठी त्याला कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटावयास सांगतात. ॲसिडच्या हल्ल्यात जिच्या पापण्या गेल्या, तिने काय मिटावे? अंध माणसाने चेहरा चौकटीत कसा बसवावा? न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांच्या पीठाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. रकान्याची रचना हा यापुढे केवळ कारागिरीचा विषय राहिला नाही.

चांगली रचना आपल्याकडे होतच नाही असे नाही. मुंबईच्या आयआयटीमधील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती त्याची बाराखडी चक्राकार उमटते. शाळेत जे पाठ केले तेच पडद्यावर येते. २०२२च्या मार्चमध्ये साध्या फोनवरून पैसे देण्याची सोय सुरू झाली. आणि बाजारातल्या किराणा दुकानाच्या फळीवर ठेवलेली ती लहानशी बोलकी डबी! दुकानदाराचे हात तेलाने माखलेले, नजर तराजूवर. त्याला फोन पाहावयास सवड नाही. डबी मोठ्याने सांगते, ‘पन्नास रुपये मिळाले.’ दुकानदाराला वाचता येवो न येवो, त्याचे अडत नाही. ही डबी ज्याने योजिली त्याने दुकानात उभे राहून पाहिले असले पाहिजे.

सरकारी पोर्टलांना असे उभे राहून पाहण्याची सोय तर केव्हाही आहे. कोणत्या वेळी सर्व्हर चालतो, कोणत्या रकान्यात जोडाक्षर टाळावे, कोणती चूक आली म्हणजे पान बंद करून पहिल्यापासून सुरू करावे, छायाचित्र किती लहान केले की ते स्वीकारले जाते, हे सारे कियोस्कवरच्या पोराला मुखोद्गत असते. त्याने वहीच्या मागच्या पानांवर ते टिपूनही ठेवलेले असते. ती पाने म्हणजे त्या पोर्टलांचे आजवर झालेले सर्वांत कसून परीक्षण होय, आणि ते वाचावयास भोपाळहून अथवा मुंबईहून कोणी आले, तर त्या पोराला दुकान अर्धा दिवस बंद ठेवण्यास हरकत नसावी.