घरातली शांत सुट्टी नक्की कोणाची?

   

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, काय प्लॅन?" कोणी गोव्याला निघालंय, कोणी महाबळेश्वरला, कोणी अलिबागला. आणि आपण म्हटलं, "आम्ही घरीच आहोत रे," की समोरच्याचा चेहरा असा होतो, जणू आपल्याला ताप आलाय! आजचा भाग त्या 'घरीच' असणाऱ्यांसाठी.

मी वसईचा. आमच्याकडे मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची गावंच्या गावं आहेत. घरात कोणी कादोडी बोलतं, कोणी वाडवळी. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, पण त्यांचा एक शब्द मराठीत राहिला, तो म्हणजे नाताळ. मूळ पोर्तुगीज शब्द 'नाताल', आणि त्याच्याही मागे जन्माशी संबंधित लॅटिन शब्द.

म्हणजे बघा, नावातच बाळाचा जन्म आहे. घरात बाळ आलं की आपण काय करतो? आवाज कमी करतो. टीव्ही बारीक, दार हळू लावायचं. म्हणून मला वाटतं, नाताळची सुट्टी घरात शांतपणे घालवणं हे काही कंटाळवाणं नाही. ते त्या सणाला धरूनच आहे.

पण थांबा, इथेच खरी गोम आहे. बाळ असलेल्या घरात शांतता असते, पण ती सगळ्यांना सारखी मिळत नाही. आई जागीच असते!

आता 25 डिसेंबरची दुपार डोळ्यांसमोर आणा. आदल्या रात्री मिस्सा झालेली. सकाळपासून पाहुणे येऊन गेले. जेवण झालं. पप्पा आडवे झालेत, आजी खुर्चीत डुलक्या घेतेय, आपण सोफ्यावर रील्स बघतोय. किती शांत ना? फक्त स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय. आता हीच दुपार लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची समजा, नाहीतर ईदची. धर्म बदलतो, भांड्यांचा आवाज तोच.

हे मी उगाच म्हणत नाही. 2019 मध्ये सरकारने देशभर एक पाहणी केली होती, लोकांचा दिवस कशात जातो याची. त्यात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी 299 मिनिटं वेळ बिनपगारी घरकामात जातो. आणि पुरुषांचा? 97 मिनिटं. तेही जे पुरुष घरकाम करतात, त्यांचाच हा हिशेब! आणि ही झाली एरवीची गोष्ट. सणाला तर घरात फराळ, पाहुणे, साफसफाई सगळं वाढतं.

म्हणून सुट्टी शांत हवी असेल, तर आधी काम वाटून घ्यावं लागतं. आणि गंमत म्हणजे, नाताळच्या फराळात हे शिकवणारा एक पदार्थ आहे. कलकल!

ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मैदा, अंडं, नारळाचं दूध, साखर, थोडं लोणी, असं पीठ मळायचं. त्याची बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि गुंडाळायची. शिंपल्यासारखा आकार येतो. मग तळायचे. एका गोळीला काही सेकंद लागतात, पण किलोभर पिठाचे कलकल शेकड्यांनी होतात. एकटीने करायला बसलं तर पाठ मोडते. पाच जण बसले तर एका संध्याकाळचं काम.

आणि हाताला पीठ आणि तूप लागलेलं असतं, त्यामुळे फोन धरता येत नाही. मग काय करणार? गप्पा! आजी तिच्या लहानपणीच्या गोष्टी काढते, पप्पा वाकडेतिकडे कलकल वळतात, त्यावर सगळे हसतात. माझ्यासाठी सुट्टीतली सगळ्यात शांत संध्याकाळ तीच. आवाज भरपूर असतो, पण घाई कोणालाच नसते.

आमच्या घरी आता तीन गोष्टी ठरल्यात. एक, कलकल आणि नेवऱ्या सगळ्यांनी मिळूनच करायच्या. जेवढ्या होतील तेवढ्या. दोन, 25 ला जेवणानंतर भांडी मी आणि पप्पा घासणार, आई नाही. तीन, एक दुपार पूर्ण आईची. तिने झोपावं, मैत्रिणीकडे जावं, सिरीयल बघावी, तिची मर्जी. पहिल्यांदा ती दर दहा मिनिटांनी ओट्यापाशी येऊन बघायची, "नीट निघाली का रे कढई?" सवय तिलाही लावून घ्यावी लागली.

आणि हो, सगळं 25 तारखेलाच उरकायचं असं कोणी सांगितलंय? 6 जानेवारीला तीन राजांचा सण येतो. अनेक घरांत गव्हाणीचा देखावा तोवर ठेवतात. आईची दुपार 25 ला नाही जमली तर 28 ला द्या. पण द्या.

तर मंडळी, या सुट्टीत कुठेही जाऊ नका, चालेल. फक्त एक बघा. तुमच्या घरी जेवणं झाल्यावर सगळ्यात शेवटी कोण टेकतं? त्या माणसाला आज सगळ्यात आधी बसवा, आणि मग पुढचा भाग ऐका.

नाताळच्या खूप शुभेच्छा! भेटूया, तोपर्यंत काळजी घ्या.