नाण्याची साक्ष खरी हवी

पैठणच्या मातीशी नाते सांगणाऱ्या आपल्या या जिल्ह्यात सातवाहनांचे नाणे म्हणजे केवळ धातूचा तुकडा नव्हे. तो इतिहासाचा साक्षीदार आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीची सुमारे १३,२५० नाणी सापडली. ती मूळ क्षत्रप नहपानाची. पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. परकीय सत्तेवरील विजयाची याहून बोलकी साक्ष कोणती?

म्हणूनच बनावट नाणी हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. अशा अस्सल नाण्यात नव्या ठशाखालून नहपानाच्या चेहऱ्याच्या वा अक्षरांच्या खुणा डोकावतात. हाताने ठोकलेली दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर मात्र बहुधा बारीक छिद्रे आणि कडेला जोडाची रेघ आढळते; एकच ओरखडा अनेक नाण्यांवर दिसला, की साचा ओळखावा. जुने नाणे घासून चकचकीत करू नये. जमिनीत ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.

पूर्वजांचा अभिमान हवाच. पण तो खोट्या नाण्यावर उभा राहिला, तर खऱ्या पराक्रमावरही जग संशय घेईल.