सुटली, पण करमत नाही

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, पीकविम्यावर झाले, रोही आणि रानडुकरांवर झाले. आता आमच्याकडे जो विषय आला आहे तो या मांडवात आजवर कोणी उघडपणे काढला नव्हता. विषय दारूचा आहे.

तो आम्ही टाळत आलो, त्याला कारण होते. शेतकरी कर्जबाजारी का, असे विचारले की साहेबलोकांचे उत्तर तयार असायचे : पितो म्हणून, लग्नात उधळतो म्हणून. आम्ही हिशेब मांडून दाखवायचो. एकरी खर्च इतका, उतारा इतका, भाव इतका. यात न पिणारासुद्धा बुडतो. हा हिशेब आजही खरा आहे. गावातल्या माळकऱ्याने जन्मात थेंब घेतलेला नाही आणि त्याच्याही सातबाऱ्यावर बोजा आहे. तेव्हा दारू सोडा म्हणजे कर्ज फिटेल, असले कीर्तन करायला आम्ही उभे राहिलेलो नाही. पण कोणी आपल्याला दारूडे म्हणेल या भीतीने आम्ही आपसातही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यात आमचीच माणसे गेली.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगून टाकतो. आम्ही तालुक्यातले अकरा जण. सगळे पिणारे होतो, आता सोडलेले आहोत. त्यात कापूसवाले आहेत, एक ट्रॅक्टरवाला आहे, एक मापाडी आहे, आणि शेतीची पदवी घेऊन संघटनेत आलेला, तुम्हाला कीड-रोगावर भाषणे देणारा हा बोलणारा कार्यकर्ताही आहे. तुम्ही टाळ्या वाजवून घरी जात होतात आणि आम्ही मुक्कामाच्या खोलीवर बाटली उघडत होतो. आज लपवून ठेवण्यासारखे काही नाही.

आठ महिने सोडून पुन्हा का?

आमच्यातल्या एकाने आठ महिने दारूला हात लावला नाही. कापूस वेचून झाला, चुकारा आला, तो त्याने बायकोच्या हातात दिला. आणि एप्रिल महिन्यात एका संध्याकाळी पिऊन आला. आम्ही त्याच्या घरी गेलो. भांडण झाले होते का? नाही. बँकेची नोटीस? ती तर दरवर्षीचीच. मग काय झाले? तो खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, दारूची सय आली म्हनून नाई पेलो. संध्याकाळी करमेच ना मले."

करमत नाही. दुःखाने पिणारा माणूस लोकांना समजतो. करमत नाही म्हणून पिणाऱ्याला लोक हसतात. पण आम्ही अकरा जणांनी आपापला हिशेब मांडला तेव्हा दिसले की सोडून पुन्हा जे घसरले, त्यातले बहुतेक संकटात घसरले नव्हते. रिकाम्या संध्याकाळी घसरले होते, आणि तेही मार्च ते मे या काळात. ओलितवाल्याला उन्हाळ्यातही पाणी द्यायचे असते. कोरडवाहूवाल्याची पऱ्हाटी उपटून झाली, ज्वारी-हरभरा घरी आला, की मृगापर्यंत हाताला काम नाही. दिवस मोठा आणि संध्याकाळ त्याहून मोठी.

हे मनाचे खूळ नाही

पहिली गोष्ट शरीराची. जो रोज, सकाळपासून पितो, त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. हात कापतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावतोही. म्हणून सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. घरच्यांनी भाजीत, चहात चोरून गोळ्या घालू नयेत. त्या गोळीवर माणूस प्यायला तर जिवावर बेतते.

हे काही दिवस निभावले की लोक म्हणतात, सुटली. खरी अडचण तिथून पुढे आहे. भाकरीचा पहिला घास, पहिला पाऊस, लेकराचे हसणे यांनी माणसाच्या मेंदूत थोडा थोडा आनंद पाझरतो. दारू तोच आनंद भसाभस ओतते. वर्षानुवर्षे असे झाले की मेंदूला साध्या गोष्टीची चवच कळेनाशी होते. ढेपेला चटावलेले जनावर पाहिले आहे ना? ढेप बंद केली की ते कडब्याला तोंड लावत नाही. दावणीला उभे राहून हंबरते. म्हणून कडबा वाईट झालेला नसतो. चार-आठ दिवसांनी जनावर खाऊ लागते. माणसाला दिवसांऐवजी महिने लागतात. या काळात झोप नीट लागत नाही, जेवण मातीसारखे लागते, पोळा-दिवाळीतही मन लागत नाही. आम्हाला वाटले, आता जन्म असाच जाणार. तसा जात नाही. चव परत येते. पण हे आधी कोणी सांगितले नाही तर माणूस तिसऱ्या महिन्यात म्हणतो, असे जगण्यापेक्षा प्यालेले बरे.

सहा ते नऊ

दारू पिणे हे नुसते पिणे नसते. पैसे जमवणे, कोणाची तरी वाट पाहणे, बसणे, गप्पा, घरी येणे, सगळे मिळून रोजचे तीन तास. दारू सोडली की हे तीन तास मोकळे होतात, आणि त्यातली माणसेही जातात. म्हणून आम्ही या तीन तासांची व्यवस्था लावली. ती अशी :

एक. शेतातून आल्या आल्या जेवायचे. सकाळी भाकर खाऊन गेलेला माणूस सहा वाजता उपाशी, दमलेला, चिडलेला असतो आणि त्या भुकेलाच तो तलफ समजतो. भाकर आणि पिठले पोटात गेले की निम्मी तलफ उतरते. उरलेली बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा अर्धा तास एकटे राहायचे नाही.

दोन. हाताला काम ठेवायचे. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची, हे उन्हाळ्यातले काम. फवारणीच्या दिवसांत पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करायचे. चऱ्हाट वळा, खाटेची नवार बदला, पोराची गणिते घ्या. काम मोठे नको, पण रोज त्याच वेळेला हवे.

तीन. जागलीला एकट्याने जायचे नाही. रात्रभर माळ्यावर बसून डुकरे हाकायची, सोबतीला कोणी नाही, थंडी आहे. आमच्यातल्या तिघांची दारू तिथेच वाढली. आता शेजारच्या दोन शेतांचे दोघे मिळून जागल करतात.

चार. धोक्याचे दिवस आधीच ओळखायचे. पोळ्याची कर, कापसाचा चुकारा मिळाल्याचा दिवस, वरात, निवडणूक. त्या दिवशी कुठे असायचे हे आदल्या दिवशी ठरवायचे. चुकारा आणायला घरधनीण बरोबर असावी.

पाच. एकाच्या जागी दुसरे घ्यायचे नाही. दारू सुटल्यावर आमच्यातल्या दोघांचा खर्रा दुपटीने वाढला. एकजण मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळू लागला आणि त्यात त्याने एका हंगामाचे बियाणे-खत घालवले. करमत नाही हा आजार तोच, औषध तेवढे बदलले.

घरच्यांना विनंती

मायबहिणींनो, तुम्ही भोगले आहे. तुम्हाला उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. फक्त एवढे सांगतो की सोडलेला माणूस ओट्यावर गुमान बसला तर "आता काय तोंड पाडून बसलात" असे म्हणू नका. त्याच्या खिशाची रोज झडती घेऊ नका. त्याला शेजारी बसवून शेंगा फोडायला लावा. आणि तो मारत असेल तर दारू सोडेपर्यंत वाट पाहू नका. मारणे हा आजार नाही, तो गुन्हा आहे.

बंदीने संध्याकाळ भरत नाही

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी, यावर या मांडवात दोन मते आहेत, ती राहू द्या. पण कोणतेही सरकार सोडणाऱ्याची संध्याकाळ भरून देणार नाही. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून हजारो माणसे उपचार घेऊन गेली. १९३५ साली अमेरिकेत दोन दारूड्यांनी एकमेकांशी बोलत दारू सोडली, त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली, आणि तिच्या बैठका आज आपल्या राज्यातही भरतात. सगळीकडे एक गोष्ट सारखीच आहे : सोडलेल्या माणसाला सोडलेली माणसे लागतात.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. या वेळी त्या सरकारकडे नाहीत, संघटनेकडे आहेत.

पहिली, संघटनेच्या कोणत्याही मुक्कामात, मोर्चात, बैठकीनंतर बाटली उघडली जाणार नाही. दारू सोडल्यावर आम्ही पहिल्यांदा नागपूरला अधिवेशनावरच्या मोर्चात गेलो, तेव्हा रात्री खोलीत बसायला जागा उरली नव्हती. आमचेच सहकारी पीत होते. आम्ही दोघे स्टेशनवर बाकावर रात्र काढून आलो. नव्याने सोडलेल्या पोरावर ती वेळ येऊ नये.

दुसरी, प्रत्येक तालुक्यात आठवड्यातून एक संध्याकाळ, सहा ते आठ, एक ओसरी उघडी ठेवावी. चहा असावा, भाषण नसावे. नाव विचारू नये. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी भरते, कारण त्याच दिवशी पाय तिकडे वळतात.

तिसरी, घसरलेल्याला बाहेर काढू नये. पेरणी वाया गेली तर आपण दुबार पेरतो. दुबार पेरणाऱ्याला कोणी नालायक म्हणत नाही.

ज्याला कोणाशीच बोलता येत नाही, त्याने १४४४६ हा व्यसनमुक्तीचा नंबर लावावा. मन फारच खचले, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले, तर १४४१६ लावावा. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

एप्रिलमध्ये घसरलेला आमचा तो भाऊ आज या मांडवात आहे. कुठे बसला आहे ते आम्ही सांगणार नाही. त्याला पुन्हा सोडून चौदा महिने झाले, मधला उन्हाळाही निघून गेला. अजून करमते का, असे त्याला परवा विचारले. म्हणाला, "रोज नाई करमत. पन करमाले लागलं."

जेवणानंतर आम्ही मांडवाच्या मागच्या लिंबाखाली बसणार आहोत. ज्याला यायचे त्याने यावे.